मदत हवी आहे: स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पत्रकात नेमकं काय लिहू?

सुरंगी: पत्रक उद्या छापायला द्यायचंय, एकच पान आहे आणि मी अडकलेय. स्तनातली गाठ हाताला लागते, तोंडातला चट्टा आरशात दिसतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या बाजूला. धडधाकट माणसाने दरवर्षी करून घ्यावी अशी तपासणीही नाही. मग लोकांना करायला काय सांगायचं? आजच उत्तर हवं आहे.

रापणवाला: गाव खंयचो तो आदी सांगा. आणि पत्रक कोणाक वाटतलात? शाळेत, बचतगटात की जत्रेत?

माडाची_वाडी: जत्रेत नको, कागद पायाखाली जातात. गणपतीपर्यंत थांबा. चाकरमानी आलेले असतात, आरतीला सगळी वाडी जमते. आम्ही रक्तदानाचं तसंच केलं होतं.

सुरंगी: वेंगुर्ल्याजवळ. नोव्हेंबर हा या आजाराच्या जागृतीचा महिना, तिसऱ्या गुरुवारी जागतिक दिवस, म्हणून आत्ताच. दशावतार सुरू होण्याआधी देवळात थोडं बोलायलाही देणार आहेत. पण कुठे वाटू हा माझा प्रश्नच नाही. काय लिहू?

धन्वंतरीभक्त: लोकांना घाबरवू नका. कावीळ झाली तर झाडपाल्याचं औषध आहे, उपाशीपोटी घ्यायचं, वर ताकभात. पिढ्यान् पिढ्या गुण येतोय. तेच लिहा.

वॉर्डातली_ताई: हे मुळीच लिहू नका. साथीची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण उतरते आणि श्रेय पाल्याला जातं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली की पित्तनलिका दाबली जाते. ती कावीळ चढतच जाते. बऱ्याचदा ताप नाही, पोटात दुखणं नाही. पण अंगभर खाज, लघवी गडद, शौच पांढरट आणि तेलकट. मी कर्करोगाच्या वॉर्डात नोकरी केली आहे. काविळीची माळ घालून, पाला पिऊन महिना घालवल्यावर आलेली माणसं पाहिली आहेत. ऑपरेशन करता येईल अशा अवस्थेत मुळात पाचात एखादाच सापडतो. त्याचाही वेळ असा जातो. सुरंगीताई, पहिली ओळ हीच असू दे: न दुखणारी कावीळ झाली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी.

धन्वंतरीभक्त: माझ्या काकांची कावीळ पाल्यानेच गेली.

वॉर्डातली_ताई: कोणती कावीळ होती? सोनोग्राफी केली होती का?

धन्वंतरीभक्त: गरजच पडली नाही.

खाडीकाठ: पर्रीकरांना हाच आजार होता ना? मार्च 2019 मध्ये गेले. नाकात नळी असताना पुलाच्या कामावर उभा राहिलेला माणूस. त्यांचं नाव घ्या, वेंगुर्ल्यात लोक ऐकतील. पुलावरून आठवलं, आमच्या खाडीवरच्या पुलाचं काम कुठवर आलं कुणाला माहीत आहे का?

माडाची_वाडी: पुलाला वेगळा धागा काढा. ताई, साखर तपासणीचं शिबिर लावा. मधुमेह हेही लक्षण आहे असं वाचलं.

वॉर्डातली_ताई: सरसकट नाही, नाहीतर गावातले सगळे मधुमेही धास्तावतील. पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि त्याच सुमारास कारण नसताना वजन उतरायला लागलं, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या. पाठीत जाणारी पोटदुखी असेल तर तीही. लोक साखरेच्या डॉक्टरला साखर सांगतात, पाठीच्या डॉक्टरला पाठ. आणि तंबाखू: विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका साधारण दुप्पट, हे लिहाच.

चिपळूणकर७: टाटाला जाणार असाल तर शिधापत्रिका, आधार बरोबर ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत देते, सोबत्यालाही. दाखला घ्यावा लागतो.

सुरंगी: अजून रुग्ण कोणी नाही हो. पण ही ओळ मागच्या बाजूला घेते. मजकूर असा केलाय: "डोळे पिवळे, दुखत नाही? पाल्यासाठी थांबू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. सावंतवाडी, ओरोस किंवा बांबोळीच्या रुग्णालयात." चालेल?

वॉर्डातली_ताई: चालेल. खाली एक भर घाला. पोटात वायू असला की सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला तरी कावीळ चढत असेल तर डॉक्टरांना सीटी स्कॅनचं विचारा.

रापणवाला: अक्षर मोठा ठेवा. आमची म्हातारी माणसा चष्मो घरी ठेवन येतत.