सिनेट समितीपुढची 'सुनावणी' म्हणायची का 'साक्ष'?

अमेरिकेत मोठ्या पदावर कोणाला बसवायचं म्हटलं की आधी त्याला सिनेटच्या (तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह) समितीपुढे बोलावतात, तासन् तास प्रश्न विचारतात आणि आपले पेपरवाले त्याला सरसकट 'सुनावणी' लिहून मोकळे होतात. 2025 च्या जानेवारीत काश पटेल एफबीआय या तपास संस्थेच्या संचालकपदासाठी समितीपुढे बसले तेव्हा घरात मला विचारलं गेलं, यांच्यावर केस कसली चालूये? आता काय सांगणार. तर या हिअरिंगला मराठीत नेमकं काय म्हणावं?

—

सुनावणी चूक नाही पण गोंधळ करणारा शब्द आहे. आपल्याकडे सुनावणी कुठे असते बघा, कोर्टात, तहसीलदाराकडे फेरफारावर हरकत आली की, माहिती अधिकाराच्या अपिलात, म्हणजे दोन बाजू लागतात आणि निकाल देणारा तिसरा लागतो. सिनेटची समिती निकाल देतच नाही, ती नाव पुढे पाठवते आणि मतदान अख्खं सिनेट करतं. पटेलांचं 51-49 झालं ते सभागृहात. बाकी सिनेटर मंडळी समोरच्याला ज्या भाषेत सुनावतात ते बघता शब्द अगदीच वाया गेलाय असंही नाही :)

—

मग जनसुनावणीचं काय? वाढवण बंदराची 2024 ला पालघरला झाली, तिथे निकाल कोण देत होतं? प्रदूषण मंडळ लोकांचं म्हणणं नोंदवून घेतं आणि इतिवृत्त वर पाठवतं, विषय संपला. म्हणजे नुसतं ऐकून घेणं एवढ्यालाही सुनावणी चालते की.

—

माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेत झाली, आमच्याकडे याला एकच शब्द, साक्ष. पीआरसी येणार म्हटलं की (पंचायत राज समिती, जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी आमदारांची समिती, पण तसं कोणी म्हणत नाही) महिनाभर आधीपासून कोणाला रजा नाही, प्रश्नावलीची उत्तरं भरा, लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवालातले जुने परिच्छेद (म्हणजे ऑडिटचे आक्षेप) काढा, त्याचं अनुपालन, म्हणजे पूर्तता केल्याचे कागद शोधा, आणि आक्षेप कुठल्या वर्षाचा तर ज्या वर्षी आत्ताचे साहेब कॉलेजात होते त्या वर्षाचा. मग आमदार एका बाजूला, सीईओ आणि खातेप्रमुख समोर, मागे आम्ही फायली मांडीवर घेऊन, आणि परिच्छेद पुकारला की मागून चिठ्ठी पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत बीडीओची साक्ष. उत्तर पटलं नाही तर 'सचिवांची साक्ष लावा', म्हणजे प्रकरण मुंबईला विधान भवनात. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीतही हाच शब्द. तेव्हा तिकडच्या एजन्सीच्या प्रमुखाला बोलावून खर्चाचा जाब विचारतात ते साक्षच आहे. फरक एवढाच की त्यांचं टीव्हीवर लाइव्ह दिसतं आणि आपल्या समितीच्या बैठकीत पत्रकारालाही आत घेत नाहीत.

—

वरच्या काकांचं पटलं पण पटेल कशाचे साक्षीदार? ते तर नोकरी मागायला आलेत, ती झाली मुलाखत.

—

मुलाखत म्हटलं की लोकांना चॅनेलवाली मुलाखत वाटेल. माझ्या मते दोन्ही शब्द ठेवा, कामं वेगळी द्या. अख्ख्या कार्यक्रमाला सुनावणी, आणि त्यात एकेक माणूस येऊन जे सांगतो ती साक्ष. 1991 मध्ये सुनावणी क्लॅरेन्स थॉमस यांच्या सुप्रीम कोर्टावरच्या नेमणुकीची होती आणि त्यात त्यांच्यावर आरोप करणाऱ्या अनिता हिल यांची साक्ष झाली, इथे शब्द बदलून बघा, वाक्य मोडतं. आणि ज्याचं नाव आहे त्याने स्वतः येऊन बसायचं ही पद्धत तशी नवीच. 1916 ला सुप्रीम कोर्टासाठी आलेल्या ब्रँडाइस यांच्या नावावर समितीने बाजूचे-विरोधातले साक्षीदार ऐकले, ब्रँडाइस स्वतः तिथे नव्हतेच. सुप्रीम कोर्टासाठी नाव असलेला माणूस स्वतः समितीपुढे आला तो 1925 ला, हार्लन स्टोन.

—

सुनावणीचं राहू द्या, त्याआधीच घोळ होतो. राष्ट्राध्यक्षाने नाव जाहीर केलं की मथळा येतो 'अमुक यांची नियुक्ती'. अहो नियुक्ती कुठे झाली, नाव सुचवलंय फक्त! बायडन यांनी अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी सुचवलेल्या नीरा टंडन यांचं 2021 ला सुनावण्या होऊनसुद्धा नाव मागे घ्यावं लागलं. आपल्याला तर हा फरक तोंडपाठ पाहिजे, 2020 च्या नोव्हेंबरात विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त जागांसाठी बारा नावं राजभवनात गेली ती तिथेच राहिली, त्या यादीवरून एकाचीही नियुक्ती झाली नाही. तिकडच्यासाठी 'नामनिर्देशन' लिहा, किंवा सरळ 'नाव सुचवलं'.

—

अमेरिकेत खासदार झालेले बेळगावचे श्री ठाणेदार पण असे प्रश्न विचारतात ना?

—

विचारतात, पण ते हाउसमध्ये, म्हणजे तिकडच्या खालच्या सभागृहात आहेत. हाउसच्या समित्या कायदे बघतात, सरकारी खात्यांना धारेवर धरतात, नेमणुकांत त्यांचं मत नसतं. ते फक्त सिनेटचं.

—

विधेयकाचं कोणी बोललंच नाही. विधेयक तपासणाऱ्या समितीला आपल्याकडे चांगला शब्द आहे, चिकित्सा समिती (दिल्लीच्या बातम्यांमुळे आता 'प्रवर समिती' पण वाचायला मिळतं, मला पहिलाच आवडतो, काय करतात ते तरी कळतं). जनसुरक्षा विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या, मग जुलै 2025 ला मंजूर झालं. या टप्प्याला आपण 'हरकती-सूचना मागवल्या' म्हणतो, सुनावणी कोणी म्हणत नाही. अमेरिकेत मात्र विधेयकावरही तज्ज्ञ, कंपन्या, संघटना येऊन समोर बसून बोलतात, तर तिथे सुनावणी म्हणायला माझी हरकत नाही.

—

आणि त्यानंतरचं मार्कअप? समिती विधेयक घेऊन बसते, दुरुस्त्या मांडते, मतं घेते. त्यालाही काल कुठेतरी सुनावणीच वाचलं.

—

ती सुनावणी नाही, तिथे साक्ष द्यायला कोणी येत नाही, सदस्यच आपसात भांडतात. 'खंडशः विचार' लिहा, विधिमंडळात रोजचा शब्द आहे. बातमीत जड वाटला तर 'समितीने एकेक कलम तपासलं' लिहा, कोणाला कळायचं राहत नाही.