सुई, मूल आणि आपण : इंदूरकर आई-बाबा, आजी-आजोबांनो, तुमचे अनुभव सांगा

राजेंद्र नगर, दोन मुलांची आई

येत्या बुधवारी धाकटीच्या चौदाव्या आठवड्याच्या लशी आहेत. तीन टोचे आणि दोन तोंडी. पण हा चर्चेचा धागा काढण्याचं खरं कारण थोरला आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याला जुलाब-उलट्यांमुळे एका रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. वय सव्वाचार. सलाईनसाठी नस सापडेना. मला म्हणाले, "आई बाहेर थांबा, तुम्हाला बघून जास्त रडतो." तिघांनी त्याला पलंगावर दाबून धरलं, आणि तिसऱ्या टोच्याला विगो, म्हणजे नसेत ठेवायची सलाईनची नळी, लागला. मी दाराबाहेर उभी होते. त्याने मला मारलेल्या हाका मी अजून विसरलेले नाही, आणि तोही विसरलेला नाही. स्पिरिटचा वास आला की त्याचे ओठ पांढरे पडतात. लवकरच त्याचा पाच वर्षांचा बूस्टर आहे.

तुम्ही काय केलंत, मुलाशी काय बोललात, काय फसलं, ते सगळं लिहा. फसलेलं तर नक्की लिहा.

लोकमान्य नगर, निवृत्त परिचारिका

बाई, आधी एक सांगते. तुम्हाला बाहेर पाठवलं ते चुकलं. आई जवळ असली की मूल मोकळेपणी रडतं, म्हणून आम्हाला ते जास्त वाटतं. एकटं मूल कधीकधी गप्प होतं, आणि ते गप्प होणं चांगलं नसतं. मीही कितीतरी आयांना बाहेर काढलं आहे. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं.

धाकटीसाठी सांगते. अंगावर पीत असेल तर टोचायच्या आधी पाच मिनिटं पाजायला घ्या. टोचतानाही पाजत राहा, नंतरही लगेच काढू नका. ठसका लागेल या भीतीने आम्ही पूर्वी पाजू देत नव्हतो, पण ती भीती खरी ठरली नाही. तोंडी लशी पहिल्यांदा द्यायला सांगा. रोटाव्हायरसची लस गोड असते, तिचाही थोडा उपयोग होतो. मग पेंटा, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, आणि न्यूमोनियाची लस सगळ्यात शेवटी, कारण ती जास्त झोंबते. जास्त दुखणारी आधी दिली तर पुढचा प्रत्येक टोचा जड जातो.

आडवं निजवू नका. मांडीवर उभं धरा, छातीशी. आणि सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायची जुनी सवय कुणाला असेल, तर लशीला त्याची गरज नाही. सुई जितकी जास्त वेळ आत, तितकं दुखणं जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हे सगळं स्पष्ट लिहून दिलं आहे. मी तेव्हा नोकरीत होते. कागद आला, भिंतीवर लागला, आणि बाळाला आडवं निजवायचं टेबल मात्र तिथेच राहिलं.

रामबाग, आजी

आमच्या घरी मध चाटवायची पद्धत होती, ती चालेल का? बाळ लगेच शांत होतं.

आणि एक मनातलं. नातू जेवायला त्रास द्यायचा तेव्हा मी म्हणायचे, "थांब, डॉक्टरकाकांना सांगते, सुई टोचतील." हसत म्हणायचे, त्याला काय कळतंय असं वाटायचं. मग दीड वर्षाच्या डोसाला घेऊन गेलो तर दवाखान्याच्या पायरीवरूनच किंचाळायला लागला. मी शिक्षा म्हणूनच सुई दाखवली होती ना, मग त्याने दुसरं काय समजायचं? आता घरात ते वाक्य बंद आहे. शेजारच्या काकूंनी म्हटलं तरी मी थांबवते.

लोकमान्य नगर, निवृत्त परिचारिका

आजी, वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातून बोटुलिझम होऊ शकतो, लहान बाळाच्या जिवावर बेतणारा आजार आहे तो. वरच्या दुधावरच्या बाळासाठी साखरेचं पाणी टोचायच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर थेंबाथेंबाने देतात, पण ते तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. घरी रडणं थांबवायला ते वापरू नका.

तुम्ही ते वाक्य बंद केलंत हे फार मोठं काम केलंत.

एमजीएममध्ये शिकलेला बालरोगतज्ज्ञ, आता मुक्काम वडोदरा

थोडं विषयाच्या कडेने जातो. दुखणं तान्ह्या बाळांना नीट कळत नाही असं वैद्यकशास्त्र कितीतरी काळ धरून चाललं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशी वेदनाशामकं न देता शस्त्रक्रिया होत असत. हे बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी दाखवून दिलं की शस्त्रक्रियेत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही कमी होते. १९८७ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या कॉलेजच्या आवारात आम्ही पोहे खात बसायचो, तिथून निघालेल्या माणसाने जगाला बाळाचं रडणं ऐकायला लावलं. सुईसमोर मूल रडतं तेव्हा मला हे नेहमी आठवतं.

घरच्यांसाठी एक सूचना. लशीच्या आधीच पॅरासिटामॉल पाजून आणू नका. टोचा लागण्याचं दुखणं त्याने कमी होत नाही. नंतर ताप आला, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्या.

सुदामा नगर, मुलीचे बाबा

आमच्या मुलीला पाचव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं, शिवाय बोटातून रक्त. पहिले दोन महिने मी आणि बायको तिला पकडायचो आणि तिघंही रडायचो. नंतर हळूहळू जे शिकलो ते लिहून राहिलो आहे.

"टोचू का?" असं विचारायचं नाही. टोचायचं तर आहेच, मग ती नाही म्हणाल्यावर आपण काय करणार? खरं जे तिच्या हातात आहे ते विचारायचं : पोट की मांडी, बघायचं की डोळे मिटायचे, बाबा की आई. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन फ्रिजबाहेर ठेवतो, गार औषध जास्त चुरचुरतं. सुई ४ मिलिमीटरची, दर वेळी नवी. जागा बदलत राहायची.

तिच्या कापडी माकडालाही इंजेक्शन मिळतं, सुईशिवाय. एकदा ती माकडाला म्हणाली, "थोडं दुखेल, मग संपेल. मी हात धरते." हे वाक्य आम्ही तिला शिकवलं नव्हतं, आम्ही रोज म्हणत होतो तेवढंच. त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

पॅथॉलॉजी लॅबमधला तंत्रज्ञ

रोज लहान मुलांचं रक्त काढतो. पालक आत येतात ते "काही दुखणार नाही हं बाळा" म्हणतच. मग मी टोचतो आणि मूल माझ्याकडे नाही, आईकडे बघतं. ते बघणं मला सहन होत नाही. "चिमटा काढल्यासारखं वाटेल" म्हणा, ते खरं आहे.

पाणी प्यायलेलं मूल, गरम हात, म्हणजे नस लवकर मिळते. उपाशीपोटी तपासणी असली तरी पाणी चालेल का ते आधी विचारून ठेवा. वडिलांच्या छातीला छाती लावून बसवा, एक हात त्यांच्या काखेखालून बाहेर. साबणाचे फुगे किंवा भिरभिरं द्या. तीन वर्षांपुढचं मूल फुंकर मारायला लागलं की अंग सैल सोडतं. दोन टोचे वाया गेले तर मी स्वतः सहकाऱ्याला बोलावतो. तुम्हीही हक्काने म्हणा, "दुसरं कुणी बघेल का?" राग मानू नये कुणी.

अन्नपूर्णा रोड, थॅलेसेमिया असलेल्या मुलाची आई

दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. आम्ही बधिर करणारं मलम लावतो, लिडोकेन आणि प्रिलोकेनचं. डॉक्टरांनी वयाप्रमाणे मात्रा लिहून दिली आहे. फार लहान बाळाला ते मनाने लावू नका. टोचायच्या तासभर आधी जाडसर थर आणि वर प्लास्टिकची चकती. घरीच लावून निघतो, पोहोचेपर्यंत वेळ होतो. कातडी पांढरी पडते, नस थोडी दबल्यासारखी दिसते, म्हणून सिस्टरांना आधी सांगायचं.

एकदा डाव्या हाताला लावलं आणि नस मिळाली उजव्याला. लेक म्हणाला, "आई, तू तर म्हणालीस लागणार नाही." तेव्हापासून दोन्ही हातांना लावतो, त्या मात्रेत बसेल तेवढंच, आणि मी म्हणते, "कमी लागेल."

नंदा नगर

दहा वर्षांच्या मुलीला शाळेत टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, दिली. उभ्याउभ्याच घेतली आणि चक्कर येऊन पडली. मोठ्या मुलांना आडवं किंवा बसवूनच द्या, नंतर पंधरा मिनिटं उठू देऊ नका.

एक आई

आमच्याकडे यातलं काहीही चाललं नाही. फुगे, मोबाइलवरचं कार्टून, मलम, सगळं फेकून दिलं त्याने. त्याला स्पर्श सहन होत नाही. शेवटी उपयोग झाला तो नंतरच्या गोष्टीचा. रात्री मी सांगते, "आज तू किती रडलास, आणि तरी हात सरळ ठेवलास." हात एकच क्षण सरळ होता, पण होता. पुढच्या वेळी त्याने स्वतःच आठवण काढली, "हात सरळ." रडला तितकाच.

राजेंद्र नगर, दोन मुलांची आई

बुधवार झाला. धाकटीला पाजत होते. पहिल्या दोन टोच्यांना कळवळली, पण तोंड सोडलं नाही. तिसऱ्याला जोरात रडली आणि मिनिटभरात पुन्हा प्यायला लागली. सिस्टरांना मीच म्हटलं, "न्यूमोनियाची लस शेवटी द्याल का?" त्या "बरं" म्हणाल्या.

थोरल्याला घरी ठेवणार होते, पण त्यालाच यायचं होतं. आजीचा हात धरून दाराशी उभा होता. सगळं बघितलं. रिक्षात बसल्यावर त्याने एकच विचारलं, "माझ्या वेळी तू आत असशील?"

मी म्हटलं, "हो. तू माझ्या मांडीवर असशील."

"ते काका म्हणाले तरी?"

"म्हणाले तरी."

राजेंद्र नगर येईपर्यंत काही बोलला नाही. घरी आल्यावर सांगितलं की डाव्या हाताला घेईन, उजव्याने चित्र काढायचं असतं. बूस्टर पुढच्या महिन्यात आहे. भिरभिरं आणून ठेवलं आहे, त्याने ते सध्या बहिणीला दिलं आहे.