मदत हवी आहे: चुलत आजोबा लोहियावाले की ट्रॉट्स्कीवाले?

मंडळी, चतुर्थीला माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती) चौकट काढायला माळ्यावर चढलो आणि पत्र्याच्या पेटीत चुलत आजोबांचे कागद सापडले. घर गोव्यात, फोंड्याजवळ. आजोबा तरुणपणी गिरगावात राहून गिरणीत कारकुनी करायचे. घरात त्यांची ओळख एकच, 'लोहियांचा माणूस', म्हणजे समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा. १८ जून १९४६ ला लोहियांच्या मडगावच्या सभेला ते हजर होते, हे ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालंय.

पेटीत मात्र लोहिया औषधालाही नाहीत. वाळवी लागलेले 'न्यू स्पार्क'चे, म्हणजे ट्रॉट्स्कीवाल्यांच्या पत्राचे, अंक आहेत आणि १९४८ च्या वहीत एक ओळ: "सगळ्यांनी समाजवादी पक्षात जायचं ठरलं. मला पटलेलं नाही."

मी जुळवलेलं असं. ट्रॉट्स्की म्हणजे स्टालिनच्या विरोधात गेलेला रशियन क्रांतीतला नेता; त्याला मानणाऱ्यांचा भारतीय बोल्शेविक-लेनिनवादी पक्ष १९४२ मध्ये निघाला. त्यात सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) लंका सम समाज या डाव्या पक्षाचे लोक पुढे होते. फिलिप गुणवर्धने, एन. एम. परेरा ही मंडळी त्याच वर्षी एप्रिलमध्ये कँडीच्या तुरुंगातून निसटली आणि पुढे इकडे आली. (गोंयकारासारखी त्यांनीही मुंबई गाठली!) कम्युनिस्ट 'लोकयुद्ध' म्हणत सरकारच्या युद्धाला पाठिंबा देत होते, तेव्हा हे मूठभर लोक 'चले जाव'च्या बाजूने. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली आणि त्याच वर्षी हे त्यांच्यात शिरले. मोठ्या पक्षात शिरायचं आणि आतून कार्यकर्ते आपल्याकडे वळवायचे, हा सल्ला ट्रॉट्स्कीने १९३४ मध्ये फ्रान्समधल्या अनुयायांना दिला होता. आमच्या आजोबांना तोच पटला नसावा.

प्रश्न दोन. या शिरकावाबद्दल मराठीत कुणी आठवणी लिहिल्यात का? आणि आजोबा खरंच सभासद होते की नुसते वाचक, हे कसं ओळखायचं? काका म्हणतात, "असेल कुणाचं तरी रद्दीतलं." मला नाही वाटत.

---

प्रतिसाद १: आठवणींचं माहीत नाही. पोलिसांच्या जुन्या नोंदींसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा. पण त्याआधी पेटी नीट बघा. वाचक एक अंक ठेवतो, विकणाऱ्याकडे उरलेले गठ्ठे असतात. एकाच अंकाच्या किती प्रती आहेत?

धागाकर्ता: आत्ता मोजल्या. एकाच अंकाच्या सहा, दुसऱ्याच्या चार. सुतळी अजून तशीच आहे. काकांना फोन लावतो.