पाण्याचा रिपोर्ट "सिंचनास योग्य" आला तरी माल परत, नेमकं कुठलं परीक्षण करायचं?

ओतूरचा_शेतकरी

राम राम मंडळी. ओतूरजवळ दीड एकर रान आहे, कोथिंबीर पालक आलटून पालटून आणि २० गुंठे शेडनेटमध्ये लेट्युस. पाणी दोन ठिकाणचं, एक विहीर आणि एक शेततळं, शेततळं कालव्याचं आवर्तन सुटलं की भरून घेतो. लेट्युस ठिबकवर आहे, कोथिंबिरीला तुषार.

पुण्यातल्या एका कलेक्शन सेंटरला माल द्यायचं ठरलं, त्यांनी पाण्याचा रिपोर्ट मागितला. मी लगेच माती-पाणी परीक्षण करून दिलं, पीएच ७.८, ईसी (क्षारांचं माप) ०.९, खाली शिक्का "सिंचनास योग्य". तर म्हणे हा नाही चालत, मायक्रोबायोलॉजीचा म्हणजे जंतूंचा पाहिजे. मग शेततळ्यातून पाण्याची रिकामी बाटली भरून दुसऱ्या लॅबला दिली (दिली म्हणजे, संध्याकाळी भरली, दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने पाठवली). त्यात आलंय टोटल कोलिफॉर्म १६०० पेक्षा जास्त, ई. कोलाय प्रेझेंट. आता माल घेत नाहीत. एक लॅब योग्य म्हणते एक अयोग्य, खरं कुठलं धरायचं? आणि आई म्हणतीय विहिरीचं पाणी आपण घरात पितो, ते आधी बघ, लेट्युसचं मरू दे.

जुन्नरी_जोगळ

दादा कशाला डोक्याला ताप. नारायणगावला घाल कोथिंबीर, तिथं कोण पाणी विचारतंय. जुडी हिरवी दिसली की लिलाव झाला. हे कंपनीवाले रेट पाडायला कारणं शोधतात.

बाटलीवाली_ताई

मी १२ वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर माफ करा.

तुमचे दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत एवढंच. पहिल्या लॅबने बघितलं की या पाण्याने पीक आणि जमीन बिघडेल का. म्हणजे क्षार, सोडियम, बोरॉन वगैरे. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत सुद्धा सिंचनाचा जो "ई" वर्ग आहे त्यात पीएच, ईसी, सोडियमचं प्रमाण आणि बोरॉन एवढंच आहे, जंतूंचा आकडाच नाही! म्हणजे नाल्याचं पाणी सुद्धा क्षार कमी असले तर आरामात "सिंचनास योग्य" ठरू शकतं. पीक खुश, खाणाऱ्याचं काय ते त्या कागदात नाहीच.

आता दुसरा रिपोर्ट. "१६०० पेक्षा जास्त" म्हणजे १६०१ की १६ लाख ते कुणालाच माहीत नाही, परीक्षानळ्यांवरून जंतूंचा अंदाज काढायच्या टेबलात तो शेवटचा आकडा असतो, टेबल संपलं की असं लिहितात. पुढच्या वेळी लॅबला सांगा की पाणी उघड्यावरचं आहे, डायल्युशन करून (पातळ करून) लावा, आणि ई. कोलाय प्रेझेंट-अब्सेंट नको, १०० मिलीला किती तो आकडा द्या. टोटल कोलिफॉर्मवर जास्त घाबरू नका, ते मातीत पाल्यात सगळीकडे असतात, शेततळ्यात निघणारच. ई. कोलाय मात्र माणसा-जनावरांच्या आतड्यातूनच येतो, बघायचा तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलीला १००० फीकल (विष्ठेतले) कोलिफॉर्म अशी हद्द सुचवली होती, अजून बरेच जण अंदाजाला तीच धरतात. तुमचा खरेदीदार कुठला आकडा धरतो ते त्याच्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि नमुना! रिकामी पाण्याची बाटली, रात्रभर घरात, वर एसटीच्या डिकीत, त्या रिपोर्टला माझ्या मते किंमत नाही. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात जंतू वाढतात सुद्धा आणि मरतात सुद्धा. लॅबमधून निर्जंतुक बाटली आणायची, आतून विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, वर थोडी जागा सोडायची. शेततळ्याच्या काठावरून घेऊ नका, पंप ५ मिनिटं चालू ठेवून ठिबकच्या फिल्टरनंतरचं घ्या, पिकाला तेच लागतं ना. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत लॅबला, अगदीच नाही जमलं तर २४ च्या आत. क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत थायोसल्फेट घालून द्या म्हणावं, नाहीतर क्लोरीन वाटेत पण जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटाच छान येतो.

पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात एकदा नक्की करा. वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी तेव्हाच असतं, आणि नेमकं तेव्हा कुणी नमुना आणत नाही, सगळे फेब्रुवारीत येतात.

आईंचं बरोबर आहे. विहिरीचं पाणी पिण्याचं म्हणून वेगळं द्या, तालुक्याच्या उपविभागीय लॅबमध्ये होतं. त्याला १०० मिलीत ई. कोलाय शून्यच पाहिजे. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे?

देशीगाय_दिंडोरी

ताईंनी छान सांगितलं. माझा एक प्रश्न, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) चालतं ना? मी दर १५ दिवसाला पालकावर फवारतो, रिझल्ट एक नंबर.

बाटलीवाली_ताई

जमिनीतून द्या की. पण ताज्या शेणाचं पाणी पालकाच्या पानावर फवारून आठवड्यात बाजारात? मग आपण इथे शेततळ्याच्या आकड्यावर कशाला बोलतोय 🙂

देशीगाय_दिंडोरी

ताई शेणात चांगले जिवाणू असतात, हजारो वर्षांची पद्धत आहे, उगाच बदनाम करू नका.

बाटलीवाली_ताई

चांगले असतात, सोबत वाईट पण असतात, गाय वेगवेगळ्या पिशव्यांत देत नाही. पद्धतीला नाव ठेवत नाहीये, पानावर आणि काढणीच्या तोंडावर नको एवढंच. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमात पण मातीला लागणाऱ्या पिकाला कच्चं शेणखत घातलं की काढणीपर्यंत १२० दिवस सोडावे लागतात. आणि हो, औषध फवारायचं पाणी पण मोजा यात. ठिबक लावून पानं कोरडी ठेवायची आणि फवारणीचा पंप ओढ्यात बुडवून भरायचा, हे मी स्वतः बघितलंय.

फिनिक्सहून_मराठी

मी ॲरिझोनात भाजीपाल्याच्या फूड सेफ्टीत काम करतो, मूळ गाव मंचरजवळ, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. कालव्याचं पाणी वाचलं आणि आमच्या ॲरिझोनातलं युमा आठवलं. २०१८ मध्ये युमा भागातल्या रोमेन लेट्युसमधून ई. कोलायचा ओ१५७ हा घातक प्रकार पसरला, ३६ राज्यांत २१० लोक आजारी, ५ गेले. नंतर तपासात तोच जंतू तिथल्या सिंचन कालव्याच्या पाण्यात सापडला, आणि त्या कालव्याच्या जवळच हजारो जनावरांचा मोठा गोठा होता. जंतू पाण्यात कसा गेला ते मात्र पक्कं सिद्ध झालं नाही.

इथे आधी शेताच्या पाण्याला आकडा होता, १०० मिलीला सरासरी १२६ ई. कोलाय. मे २०२४ मध्ये एफडीएने (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) काढणीआधीच्या पाण्यासाठी तो काढूनच टाकला, कारण कालव्याचं पाणी सकाळी एक असतं दुपारी दुसरं, चार बाटल्यांवरून काय कळणार. आता दरवर्षी शेतकऱ्याने स्वतः पाहणी लिहून ठेवायची, पाणी कुठून येतं, वरच्या अंगाला गोठे वस्ती काय आहे, पाणी पानाला लागतं का, शेवटचं पाणी आणि काढणी यात किती दिवस. तुषार असेल तर कडक उन्हात चार दिवसाचा गॅप सुद्धा बराच फरक करतो. पण काढणीच्या वेळचं आणि नंतरचं पाणी, म्हणजे धुवायचं, शिंपडायचं, बर्फाचं, हात धुवायचं, तिथे अजून ई. कोलाय शून्यच पाहिजे. त्याला उघड्यावरचं पाणी प्रक्रिया न करता वापरायलाच बंदी.

तर ओतूरचे भाऊ, माल धुता कशात?

ओतूरचा_शेतकरी

इथेच पकडलं. कोथिंबिरीच्या जुड्या टबात शेततळ्याच्या पाण्यात बुडवून गोणपाटाखाली ठेवतो रात्रभर, ताजी राहते. सगळेच करतात आमच्याकडे. लेट्युस धूत नाही पण क्रेट त्याच पाण्यात धुतो. शोषखड्डा मोजला, विहिरीपासून ३० फूट 😐

फिनिक्सहून_मराठी

मग तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न तुषार नाही, तो टब आहे. एका जुडीची घाण टबातल्या सगळ्या जुड्यांना, वर ओल्या गोणपाटात रात्रभर ऊब.

बाटलीवाली_ताई

३० फूट कमी आहे हो, किमान ५० तरी हवं, उताराच्या वरच्या बाजूला तर नकोच. रिपोर्ट येईपर्यंत पिण्याचं उकळून घ्या, हे आजपासून.

टबासाठी सिंटेक्सची वेगळी टाकी करा, विहिरीचं पाणी गाळून, ग्रामपंचायत वापरते तीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम. सरळ ओतू नका, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाका, अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट (क्लोरीन तपासायचे थेंब), पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर पावडर जुनी असेल, उघडी राहिली की दम जातो तिचा. आणि तुमचा पीएच ७.८ आहे, ८ च्या वर गेला की क्लोरीन नीट काम करत नाही, लक्ष ठेवा. गढूळ पाण्यात तर टाकून उपयोगच नाही, माती सगळं खाऊन टाकते. टबातलं पाणी मळलं की बदलायचं, वरून अजून पावडर टाकून भागवायचं नाही.

जुन्नरी_जोगळ

पण युरोपला पाठवणाऱ्यांनी क्लोरीन जपून बरं का, २०२० पासून तिथं क्लोरेटच्या (क्लोरीनच्या पाण्यातून मालात उतरतं ते) अवशेषावर पण मर्यादा आहे. आमच्या पाहुण्याचं त्यातच अडकलं होतं.

ओतूरचा_शेतकरी

जोगळ भाऊ तुम्ही तर नारायणगावला घाला म्हणत होता 😂

बरं, सोमवारी लॅबमधून दोन बाटल्या आणतोय, एक विहीर एक फिल्टरनंतरची. तुषार काढून कोथिंबिरीला पण ठिबक टाकायचं बघतो, पण दाट पेरणीला लॅटरल (ठिबकच्या नळ्या) किती अंतरावर टाकू, कुणी केलंय का?