मदत हवी आहे: वरून उघडणारं, पण आडव्या ड्रमचं वॉशिंग मशीन घ्यावं का?

नमस्कार मंडळी. पॅरिसमधलं आमचं न्हाणीघर इतकं अरुंद आहे की ६० सेंटीमीटरचं फ्रंट लोड बसतच नाही. इथे ४० सेंटीमीटर रुंदीची मशीन मिळतात. कपडे वरून टाकायचे, पण ड्रम आडवाच. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या टॉप लोडपेक्षा पाणी बरंच कमी लागतं, ड्रमला दोन्ही बाजूंनी आधार असतो, आणि सासूबाईंना गुडघे दुखत असताना वाकावं लागणार नाही. माझ्यासाठी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

भीती ड्रमच्या झाकणाची. ते नीट लागलं नाही आणि कपडे पिळताना उघडलं, तर आतून मोठं नुकसान होतं. कुणी वापरलंय का? खटके किती वर्षं टिकले? सासूबाईंच्या नऊवारी साड्या अडकतात का? शनिवारी दुकानात जायचंय, त्याआधी कृपया सांगा.