शब्दचर्चा : ‘गावकरी’ आणि गोव्यातला ‘गावकार’

प्रश्न : पुण्यात तयार झालेल्या एका सामाजिक पाहणीच्या प्रश्नावलीत ‘आपण या गावचे गावकरी आहात का?’ असा पहिलाच प्रश्न आहे. तीच प्रश्नावली गोव्यातल्या तिसवाडी आणि सासष्टी तालुक्यांत वापरायची आहे. हा शब्द तेथे चालेल का?

उत्तर १ : चालणार नाही, आणि अडचण अशी की तो सर्वांना समजेल. देशावर गावात राहणारा प्रत्येक जण गावकरी असतो. गोव्यात मात्र ‘गावकार’ म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांपैकी एखाद्यातला, कोमुनिदादीच्या (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) उत्पन्नात वारसाहक्काने वाटा असलेला पुरुष, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारांचे रिवाज लिहून घेतले, तेव्हापासून या शब्दामागे दप्तर उभे आहे. त्यामुळे चार पिढ्या त्याच वाड्यावर काढलेला माणूसही तुमच्या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘न्हय’ म्हणेल आणि तक्त्यात त्याची गणना उपऱ्यांत होईल. ‘तुमचे घर या वाड्यावर कधीपासून आहे?’ असे विचारणे बरे.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, मात्र पर्याय म्हणून ‘मुंडकार’ हा रकाना कोणी घालू नये. दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणारा तो मुंडकार आणि भाटाचा मालक तो भाटकार. (येथे भाट म्हणजे माडांची बागायत, स्तुतिपाठकांचा काही संबंध नाही.) १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले, घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला, आणि त्यावरचे दावे मामलेदारापुढे चालतात. अशा ठिकाणी वही घेऊन आलेल्या भायल्या माणसाने ‘तुम्ही मुंडकार का?’ असे विचारले, तर ऐकणारा ते चौकशी म्हणून नव्हे, जबानी म्हणून ऐकतो आणि बेताचेच बोलतो. त्याऐवजी ‘घराची कौले बदलायची झाली तर कोणाला विचारावे लागते?’ असा प्रश्न ठेवावा. कोणी ‘कोणालाच नाही’ म्हणेल, कोणी भाटकाराचे नाव घेईल, कोणी प्रकरण चालू असल्याचे सांगेल. दर्जा वदवून न घेता संबंध कळतो. गावकारीची माहिती हवीच असेल, तर ती मुलाखतीच्या शेवटी, कोमुनिदादीचा वाटा घरात कोणाला मिळतो या प्रश्नाने काढावी.