फक्त गाणी ऐकायला होम थिएटर रिसीव्हर घ्यावा का? टिकणारा कुठला?

चिपळूणचा_श्रोता:
नमस्कार मंडळी. २०१५ ला घेतलेला आमचा ५.१ (पाच स्पीकर आणि बासच्या वेगळ्या सबवूफरसाठीचा) रिसीव्हर आता फार त्रास देतोय. एचडीएमआय दोन वर्षांपूर्वीच गेलं, बोर्ड मिळत नाही म्हणून सर्व्हिसवाल्यांनी हात वर केले, मग टीव्ही ऑप्टिकल केबलवर जोडला. गेल्या पावसाळ्यापासून डावा स्पीकर मधेच गप्प होतो. पिक्चर आम्ही फारसे बघत नाही, मागचे स्पीकर कधीच माळ्यावर गेलेत. सकाळी बाबांच्या रेकॉर्डी आणि रात्री फोनवरून गाणं, एवढंच. हॉल १२ बाय १४, बुकशेल्फ स्पीकर ८७ डीबी, ८ ओहम. बजेट ५० हजारांच्या आसपास. पुन्हा रिसीव्हर घेऊ की नुसता स्टिरिओ अ‍ॅम्प (दोनच स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर)? मला १० वर्षं टिकणारं काहीतरी हवंय.

सोल्डर_आणि_चहा:
दादा, नवीन घ्यायच्या आधी एक करून बघा. पॉवर बंद करून रिसीव्हरच्या मागे डावी-उजवी वायर अदलाबदल करा. आता उजवा स्पीकर गप्प व्हायला लागला तर स्पीकर आणि वायर ठीक, गडबड रिसीव्हरच्या डाव्या चॅनेलमध्ये. मग तो गप्प झाला की आवाज हळूहळू वाढवून बघा, परत आला तर बहुतेक रिले, म्हणजे स्पीकरला सिग्नल जोडणारा आतला स्विच. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ येतं ना, तोच. त्याचे काँटॅक्ट काळे पडतात, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच, मग हळू आवाजाचा सिग्नल त्यातून नीट जात नाही. पार्ट स्वस्तातला आहे, चांगला कारागीर तासाभरात बदलून देतो. स्वतः झाकण उघडू नका, प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आणि टिकण्याचं म्हणाल तर माझ्या टेबलावर येणारे निम्मे रिसीव्हर गरमीने मेलेले असतात. टीव्ही युनिटच्या बंद खणात, वर सेट टॉप बॉक्स, मागे भिंत. वर निदान १० सेंमी मोकळं ठेवा, कंपनी कुठलीही असो.

तानपुरा_वेडा:
रेकॉर्डी ऐकता म्हणजे तुम्हाला स्टिरिओ अ‍ॅम्पच बरा, माझं स्पष्ट मत. त्यात व्हिडिओ सर्किट नाही, एचडीएमआय नाही, म्हणजे बिघडायलाच कमी गोष्टी. माझ्याकडे यामाहाचा ए-एस५०१ आहे, ८५ वॅट, फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेयर जोडायचं) आतच, ऑप्टिकल पण आहे. टीव्ही जोडताना टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करा, डॉल्बी ठेवलंत तर आवाज येणार नाही.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. रिसीव्हरच्या खोक्यावर मोठा आकडा असतो तो बऱ्याचदा एकच चॅनेल, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन असा मोजलेला असतो. खरा आकडा बघायचा तो ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू असतानाचा. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डीबी वाढतात, आणि तुमच्या हॉलमध्ये रात्रीचं गाणं एक-दोन वॅटवर सुद्धा आरामात वाजतं. माझ्याकडे तानपुऱ्याची जवारी इतकी स्वच्छ ऐकू येते की मी टीव्हीच्या खोलीतलं ऐकणंच सोडलं.

सब_वूफर_काका:
मी थोडा वेगळा. सबवूफर असेल तर रिसीव्हर सोडू नका. ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावला की खालचा बास सबकडे जातो आणि छोटे बुकशेल्फ मोकळे होतात, तबल्याचा बायाँ काय घुमतो! साध्या अ‍ॅम्पमध्ये सब आउट असलं तरी स्पीकरना सगळा बास जातच राहतो. शिवाय माइक लावून खोलीप्रमाणे आवाज सुधारता येतो, फरशी आणि उघड्या भिंतींच्या आपल्या हॉलमध्ये त्याचा फार फरक पडतो. फक्त प्युअर डायरेक्ट (आवाजात काही बदल न करणारा मोड) दाबलंत की हे सगळं बऱ्याच मॉडेलांत बंद होतं, ते लक्षात ठेवा. घेताना फोनो इनपुट आहे का बघा, स्वस्त मॉडेलांत नसतं.

चिपळूणचा_श्रोता:
सगळ्यांचे मनापासून आभार! वायर बदलून बघितली, आज उजवा गप्प झाला. आवाज १८ वर होता, ४० वर नेला आणि खट्कन परत आला, बाबा खुर्चीतून उठलेच. म्हणजे रिलेच दिसतोय. सबवूफर आमच्याकडे नाहीये. आधी हा दुरुस्त करून घेतो, खणाचं मागचं प्लायवूड आजच काढलं, आणि हा पुढच्या पावसाळ्यात परत रुसला तर स्टिरिओ अ‍ॅम्प. सोल्डरदादा, रिले बदलताना दोन्ही चॅनेलचे एकदमच बदलून घेऊ का?

सोल्डर_आणि_चहा:
हो, एकदमच. दुसराही तेवढाच जुना आहे.